ठळक, कोड की चौकट? डॉक्युमेंटेशनमध्ये कीबोर्डच्या कळा कशा दाखवाव्यात

‘सेव्ह करण्यासाठी कंट्रोल+एस दाबा.’ सॉफ्टवेअरच्या मदतपानांत असं वाक्य पदोपदी येतं, आणि त्यातली कळ कशी दाखवायची याचा निर्णय बहुतेक ठिकाणी कुणी घेतलेलाच नसतो. एकटा माणूस लिहीत असेल तोवर खपून जातं. तिघे-चौघे लिहू लागले की कुठे जोडाला अधिकचं चिन्ह, कुठे हायफन, कुठे नुसती मोकळी जागा. एका पानावर कळ ठळक, दुसऱ्यावर चौकटीत. जुन्या वाचकाचं त्यानं फारसं अडत नाही. पहिल्यांदाच शिकणारा मात्र थबकतो, कारण वेगळं दिसतं म्हणजे वेगळंच काहीतरी असणार, असं तो धरून चालतो. आणि त्याचं चूक नाही.

पर्याय तोलताना मी एक कसोटी लावते. एका पायरीत वाचक तीन प्रकारची कामं करतो: स्क्रीनवर कुठेतरी क्लिक करतो, काहीतरी टाइप करतो, किंवा कळ दाबतो. आता ‘होम’ घ्या. होम नावाची कळ आहे, अनेक प्रोग्रॅममध्ये होम नावाचा टॅब असतो, आणि होम हा शब्द एखाद्या रकान्यात टाइपही करावा लागू शकतो. तुमच्या पद्धतीत हे तीन होम नजरेला वेगळे दिसतात का?

साधा मजकूर

काहीच सजावट न करणं हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. तो ईमेलमध्ये, टर्मिनलवर (म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या खिडकीत), साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, कुठेही तसाच टिकतो. रीडमी फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या छोट्या माहितीच्या फाइलमध्ये, चार-पाच शॉर्टकट सांगायचे असतील तर एवढं पुरतं. होमच्या कसोटीवर मात्र सगळा भार ‘दाबा’, ‘टाइप करा’, ‘क्लिक करा’ या क्रियापदांवर पडतो. रोमन लिपीत निदान पहिलं अक्षर मोठं करून कळीचं नाव वेगळं काढता येतं. देवनागरीत तीही सोय नाही, त्यामुळे मराठी मदतपानांत साधा मजकूर लवकर अपुरा पडतो.

ठळक अक्षरं

हात आपोआप याच पर्यायाकडे जातो. अडचण अशी की मेनू, टॅब आणि बटणांची नावं ठळक लिहिण्याची पद्धत आधीच सर्वत्र रुळलेली आहे. कळाही ठळक केल्या की होम टॅब आणि होम कळ एकसारखेच दिसतात. तुमच्या साधनात ठळक आणि तिरपं यापलीकडे काहीच नसेल तरच याचा विचार करावा, आणि तेव्हाही शक्यतो बटणंच ठळक ठेवावीत. कळाही ठळक केल्याच तर ‘होम टॅब’, ‘होम कळ’ असं प्रत्येक वेळी पूर्ण लिहावं.

कोडची शैली

मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मजकूर सजवण्याच्या पद्धतीत, शब्दाच्या दोन्ही बाजूंना बॅकटिक हे उलटं अवतरणचिन्ह टाकलं की काम झालं, म्हणून तंत्रज्ञ मंडळींना ही शैली प्रिय. एका बाबतीत ती खरोखर चांगली आहे: कळ म्हणजे पूर्णविराम, स्वल्पविराम किंवा उभी रेघ असेल, तर समान रुंदीच्या अक्षरात ती ठसठशीत दिसते. पण कोडच्या शैलीतला मजकूर म्हणजे कॉपी करून चिकटवायची किंवा टाइप करायची गोष्ट, ही वाचकाची सवय आहे. म्हणजे टाइप करायचं होम आणि दाबायचं होम यांची गल्लत होते.

दुसरी अडचण भाषांतराच्या वेळी कळते. कोड म्हणून खूण केलेला भाग भाषांतरात हलवायचा नसतो, असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. पण कळांची नावं देशागणिक बदलतात. जर्मन कीबोर्डवर कंट्रोलच्या जागी ‘एस-टी-आर-जी’ ही अक्षरं छापलेली असतात, फ्रेंच कीबोर्डवर शिफ्टला ‘माज’ म्हणतात. कळ कोड म्हणून लिहिलीत तर जर्मन वाचकाला त्याच्या कीबोर्डवर नसलेलं नाव वाचावं लागतं.

केबीडी टॅग आणि त्याचे भाऊबंद

माझा कौल इकडे आहे. एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतला केबीडी हा टॅग, म्हणजे मजकुराला लावायची खूण, नवा नाही. 1995 सालच्या एचटीएमएल 2.0 मध्येही तो होता. ‘हे वापरणाऱ्याने कीबोर्डवरून द्यायचं आहे’ एवढाच त्याचा अर्थ. दिसायचं कसं, हे स्टाइलशीट (सीएसएस या भाषेत लिहिलेल्या रूपाच्या सूचना) ठरवते. ब्राउझर स्वतःहून फक्त समान रुंदीची अक्षरं देतो. कळीसारखी चौकट हवी असेल तर सीएसएसच्या चार ओळी आपण लिहायच्या. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर मार्कडाउनमध्ये हा टॅग टाकला की चौकट आयती मिळते.

डॉक्युमेंटेशन लिहिण्याच्या इतर साधनांतही हीच सोय आहे. डॉकबुकमध्ये एका कळीसाठी कीकॅप आणि जोडीसाठी कीकॉम्बो, स्फिंक्समध्ये केबीडी नावाचा रोल, म्हणजे तशीच एक खूण. अ‍ॅस्कीडॉक्टरमध्ये केबीडी मॅक्रो, म्हणजे छोटी आज्ञा, आहे, पण त्यासाठी दस्तऐवजाच्या सुरुवातीला ‘एक्सपेरिमेंटल’ हा गुणधर्म चालू करावा लागतो. तो राहून गेला की पानावर कच्चा मॅक्रोच छापला जातो आणि लेखक चूक भलतीकडेच शोधत बसतो.

खरा फायदा दिसण्यातला नाही. स्रोतातच ‘ही कळ आहे’ अशी नोंद राहिली की पुढे चौकट काढून टाका, रंग बदला, भाषांतरासाठी सगळ्या कळांची यादी काढा, काहीही करता येतं. ठळक केलेल्या हजारो शब्दांतून कळा कोणत्या आणि बटणं कोणती, हे नंतर यंत्राला सांगता येत नाही; माणसालाच बसून निवडावं लागतं.

तोटेही आहेत. टॅग हाताने लिहायला लांबलचक आहे, त्यामुळे घाईत लोक टाळतात. काही प्रणाली मार्कडाउनमधला एचटीएमएल सुरक्षिततेसाठी गाळून टाकतात. मार्कडाउनची पीडीएफ करताना चौकट नाहीशी होऊन नुसतं नाव उरू शकतं. स्क्रीनरीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारे प्रोग्रॅम, हा टॅग साधारणपणे वेगळा वाचून दाखवत नाहीत, म्हणून ‘दाबा’ हे क्रियापद इथेही गाळायचं नाही.

चौकट काढताना दोन गोष्टी पाहा. कंट्रोल एका ओळीच्या शेवटी आणि एस दुसरीच्या सुरुवातीला, अशी फाटाफूट होऊ नये म्हणून ओळ न तोडण्याची सूचना सीएसएसमध्ये द्या. आणि दोन कळांमधलं अधिकचं चिन्ह मजकुरातच लिहा. ते सीएसएसने उमटवलं तर पानावर दिसतं, पण कॉपी करताना किंवा पानात शोधताना सहसा हाती लागत नाही.

कोनी कंस, चित्रं, चिन्हं

कोनी कंसात एंटर लिहिण्याची पद्धत विम या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये रुळलेली आहे आणि त्या वर्तुळात ती योग्यच. वेबपानावर मात्र ती घातक ठरते: रोमन अक्षरांतलं ते नाव ब्राउझर अनोळखी टॅग समजतो आणि वाक्यातून कळच गायब होते. कळांची चित्रं वापरूच नयेत; ती शोधता येत नाहीत आणि अक्षरं मोठी केली तरी बारीकच राहतात. मॅकच्या कमांड, ऑप्शन, शिफ्टच्या खुणा सरावलेल्या माणसाला सोयीच्या. नवख्यासाठी शेजारी नाव हवंच.

जोडचिन्ह आणि नावं

चौकटीवर लोक तावातावाने वाद घालतात, पण वाचकाची फसगत जास्त होते ती इथे. मायक्रोसॉफ्टची लेखनपद्धती अधिकचं चिन्ह लावते, आजूबाजूला जागा न सोडता. अ‍ॅपलची पद्धती हायफन लावते. ईमॅक्स या विमसारख्याच प्रोग्रॅममध्ये ‘सी-एक्स’ म्हणजे कंट्रोल धरून एक्स. तिन्ही आपापल्या घरी बरोबर आहेत. एका मॅन्युअलमध्ये एकत्र आले की घोळ. सामान्य वाचकासाठी मी अधिकचं चिन्ह निवडेन, कारण हायफन शब्द जोडायलाही वापरला जातो. अपवाद झूम करण्याच्या शॉर्टकटचा: कंट्रोलपुढे दोन अधिकची चिन्हं लागोपाठ आली की डोळा चक्रावतो. तिथे दुसऱ्या चिन्हाचं नाव अक्षरी लिहा, ‘कंट्रोल+प्लस’.

एकदम दाबायच्या कळा आणि एकामागून एक दाबायच्या कळा यांना वेगळी खूण हवीच. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये शॉर्टकटची यादी उघडायला आधी कंट्रोल+के, मग कंट्रोल+एस दाबावं लागतं. त्या दोन जोड्यांमध्ये ‘मग’ हा शब्द लिहा. स्वल्पविराम बारीक चौकटींमध्ये हरवतो.

अक्षर मोठं की लहान हाही प्रश्न आहे. शॉर्टकटमधलं अक्षर रोमन लिपीत मोठं लिहायची रीत आहे आणि त्याचा अर्थ शिफ्ट दाबा असा होत नाही. पण विममध्ये साध्या स्थितीत लहान ‘जी’ दोनदा दाबली की फाइलच्या सुरुवातीला जातो, आणि मोठी ‘जी’ दाबली की शेवटी. तिथे शिफ्ट स्पष्ट लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग काय निवडावं?

वेबवरचं, वाढत जाणारं, पुढे भाषांतर होऊ शकणारं डॉक्युमेंटेशन असेल तर केबीडी किंवा तुमच्या साधनातली तशीच खूण, डोळे झाकून. टर्मिनलवरच वाचलं जाणारं पान किंवा छोटी रीडमी असेल तर साधा मजकूर आणि अधिकचं चिन्ह. ईमॅक्स किंवा विमच्या प्लगिनसाठी लिहीत असाल तर त्यांचीच पद्धत, कारण तो वाचक सेटिंगच्या फाइलमध्येही तेच लिहिणार आहे. फक्त कोनी कंस वेबवर नाहीसे होणार नाहीत अशी काळजी घ्या. तुमचं लिहिण्याचं साधन फक्त ठळक करू देत असेल तर कळा साध्या ठेवून बटणं ठळक करणं, हे दोन्ही ठळक करण्यापेक्षा बरं.

जुनी पानं दुरुस्त करायची असतील तर चौकटीपासून सुरुवात करू नका. आधी जोडचिन्ह सगळीकडे एकच करा, नंतर कळांची नावं: एंटर आणि रिटर्न यांतलं एक, एस्केप पूर्ण की संक्षिप्त, यांतलं एक. ही दोन कामं झाली की कळांच्या जोड्या शोध-बदलाच्या एका साच्यात सापडतात आणि टॅग बऱ्याच अंशी यंत्राकडून लावून घेता येतात. एकेकट्या कळा, म्हणजे होम, एंड, टॅब, डिलीट, तेवढ्या हाताने तपासाव्या लागतील.