आठ महिने वापरून: सॉफ्टवेअर उत्तम, पण घरी इंटरनेट नसेल तर आधी हे वाचा

काल रात्री साडेअकराला पुस्तकाची पानं मांडायचा हा प्रोग्राम उघडला आणि समोर एकच चौकट आली: 'लायसन्स तपासता आलं नाही, इंटरनेटला जोडा.' १९० पानांचं पुस्तक सकाळी छपाईला द्यायचं होतं. पैसे पूर्ण भरलेले, फाइल माझ्याच लॅपटॉपवर, आणि मला ती उघडता येईना. फोनवरचा त्या दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपला होता. त्या रागातच लिहायला बसले आहे.

पानांची मांडणी, जोडाक्षरं, पीडीएफ यांबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते पुन्हा सांगत नाही. जोडाक्षरं खरंच सुरेख बसतात, एवढं मात्र म्हणेन. मला बोलायचंय ते इन्स्टॉलरबद्दल.

खोका उघडला तर आत डिस्क नाही, पेन ड्राइव्ह नाही, फक्त कोड छापलेलं कार्ड. कोड टाकल्यावर जो 'इन्स्टॉलर' मिळतो तो जेमतेम ३ एमबीचा. खरं सॉफ्टवेअर त्यात नसतंच. तो चालू केला की मग ६ जीबी ओढायला सुरुवात होते. माझ्या हॉटस्पॉटला सलग ५ एमबीपीएस वेग मिळाला तरी त्याला २ तास ४० मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ वेग टिकतो कुठे? पहिल्यांदा ७१ टक्क्यांवर रेंज गेली. परत आली तेव्हा आकडा शून्यावर! दुसऱ्यांदा ४० वर फोन आला आणि पुन्हा शून्य. अर्धवट राहिलेलं डाउनलोड होतं तिथून पुढे चालू करणं ही काही नवी विद्या नाही, साधे ब्राउझरही ते बऱ्याचदा करतात. तीन रात्री आणि दोन डेटा पॅक यात गेले. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याला हे कळणारही नाही, कारण त्याचं काम चहा होईपर्यंत उरकतं. आमच्याकडे प्रत्येक जीबी मोजून येतो, आणि वाया गेलेला जीबी कोणी परत देत नाही.

पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना सांगत होते की डिस्क बंद केली हाच गुन्हा. ते मत आता बदललंय. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, म्हणजे ६ जीबीला एक पुरली नसती, आणि माझ्या लॅपटॉपला डिस्क ड्राइव्हच नाही. शिवाय डिस्कवरची आवृत्ती चार महिन्यांत जुनी होते. मला हवी आहे ती पूर्ण फाइल. एकदा कुठूनही उतरवावी, पेन ड्राइव्हवर घरी आणावी आणि दोन्ही मशीनवर बसवावी.

आणि अशी फाइल आहे! तिसऱ्या महिन्यात मदतीच्या पानाच्या अगदी तळाशी 'ऑफलाइन इन्स्टॉलर' सापडला. फार आनंद झाला. वाचनालयात बसून उतरवला, तर पेन ड्राइव्ह म्हणतो फाइल फार मोठी. जागा होती, पण ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तुम्ही ड्राइव्ह आधीच एक्सफॅट या मोठ्या फाइली घेणाऱ्या पद्धतीने फॉरमॅट करून न्या, म्हणजे माझ्यासारखी फेरी वाया जाणार नाही. त्यानंतर इन्स्टॉलेशन वीस मिनिटांत झालं आणि मी इथे पाचपैकी पाच द्यायच्या बेतात होते. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरची तर पूर्ण फाइल सरळ डाउनलोडच्या पानावरच मिळते, मदतीची फाइलसुद्धा वेगळी उतरवता येते. मग इथेच ती तळाशी का दडवायची?

पाच द्यायचे राहिले ते इंटरनेटवरून दर ३० दिवसांनी होणाऱ्या लायसन्सच्या तपासणीमुळे. बसवणं ऑफलाइन, पण वापरणं नाही. सूचना आदल्या दिवशी येते, तीही कोपऱ्यात छोट्या अक्षरांत, आणि कामाच्या गडबडीत माझी ती चुकली. सकाळी शेजारच्या वहिनींच्या वायफायवर लॅपटॉप जोडला. तपासणी दहा सेकंदांत झाली. ६ जीबीचं ओझं मी सोसलं होतं, आणि पुस्तक अडलं ते दहा सेकंदांच्या कामासाठी.

काही सॉफ्टवेअरमध्ये याला सोपा उपाय असतो. प्रोग्राम एक छोटी फाइल बनवून देतो, ती इंटरनेट असलेल्या कुठल्याही मशीनवरून कंपनीला पाठवायची, आणि उत्तराची फाइल पेन ड्राइव्हवर घरी आणायची. हीच सोय द्या, आणि सूचना निदान आठवडाभर आधी दाखवा, असं कंपनीला कळवलं आहे. तूर्तास दर पंचविसाव्या दिवशी वाचनालयात लॅपटॉप घेऊन जायचं असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. सध्या पाचपैकी तीन. उत्तर आलं की इथेच बदल करेन.