तिकिटांची नोंद: कोलनेक्टवर की आपल्याच एक्सेलमध्ये?

टपाल तिकिटांचा संग्रह तीन-चार स्टॉकबुकांच्या (तिकिटं ठेवायच्या वह्यांच्या) पुढे गेला की नोंद ठेवावीच लागते. तेव्हा संग्राहकांसमोर साधारण दोन वाटा असतात: कोलनेक्ट या संग्राहकांच्या संकेतस्थळावर खातं उघडून तिथल्या तयार यादीत आपली तिकिटं नोंदवत जायची, नाहीतर एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये स्वतःचा तक्ता मांडायचा. मी दोन्ही वापरतो. कोणतं आधी घ्यावं, असं नवीन मंडळी विचारतात, म्हणून हे लिहितोय.

तक्त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. आपल्याला हवे ते रकाने आपण घालतो: कोणत्या स्टॉकबुकात, कितव्या पानावर, कोणाकडून, कितीला, शिक्का कुठल्या गावचा. १९५७ साली नये पैसे आले तेव्हाची भारताच्या नकाशाची मालिका घ्या. त्यातलं ५ नये पैशांचं हिरवं तिकीट समोरून एकसारखंच दिसतं. पण सुरुवातीचा कागद ताऱ्यांच्या वॉटरमार्कचा (कागदातच असलेल्या पुसट खुणेचा) आणि १९५८ पासून आलेला अशोकस्तंभाच्या वॉटरमार्कचा. तक्त्यात ‘तारे’ आणि ‘स्तंभ’ असा एक रकाना केला की तिकीट उलटून न बघता कोणतं कमी आहे ते कळतं. शिवाय फाइल आपल्या पेनड्राइव्हवर असते, नेट असो वा नसो.

तरीही माझा कल बदलला तो नंबरांच्या कटकटीमुळे, आणि ती कटकट थोडी सविस्तर सांगायला हवी.

आपल्याकडे विक्रेते आणि लिलावाच्या याद्या बहुतेक एसजी, म्हणजे स्टॅनली गिबन्स या ब्रिटिश कॅटलॉगचे नंबर देतात. म्हणून तक्त्यात तोच रकाना पहिला येतो. पण अदलाबदल करायची म्हटलं की जर्मनीतला माणूस तिथल्या मिशेल कॅटलॉगचा नंबर मागतो, अमेरिकेतला तिथल्या स्कॉटचा. गांधीजींचं १९४८ चं दहा रुपयांचं तिकीट एसजीत ३०८, स्कॉटमध्ये २०६, मिशेलमध्ये १९०. एखादं सूत्र लावून हे जुळवता येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. स्वतंत्र भारताची १९४७ ची पहिली तीन तिकिटं एसजीत ३०१ ते ३०३ आणि स्कॉटमध्ये २०० ते २०२, म्हणजे फरक १०१ चा. लगेच पुढच्या गांधी मालिकेत तो १०२ होतो. कारण मध्ये मुंबई–लंडन विमानसेवेचं बारा आण्यांचं तिकीट येतं. एसजी त्याला सरळ ओळीतला ३०४ देतं. स्कॉट विमानटपालाची तिकिटं वेगळी काढतं आणि त्याला सी ७ म्हणतं. पहिल्या पानावरच ही गत, मग पुढच्या पाऊणशे वर्षांच्या तिकिटांचं काय? प्रत्येक तिकिटापुढे तीन-तीन नंबर हाताने भरायचे म्हणजे संध्याकाळ संपते आणि एक मालिकाही पुरी होत नाही.

कोलनेक्टवर हे काम बरंचसं झालेलं असतं. तिकिटाचं पान उघडलं की चित्राखाली मिशेल, स्कॉट, इव्हेर (हा फ्रेंच कॅटलॉग) आणि एसजी हे नंबर शेजारी शेजारी मिळतात. तिथेच ‘माझ्याकडे आहे’, ‘हवं आहे’, ‘देण्याजोगं आहे’ असं नोंदवता येतं, आणि दुसऱ्या सदस्याच्या यादीशी आपली यादी ते आपोआप जुळवून दाखवतं. प्रदर्शनात विक्रेत्याच्या टेबलापाशी मोबाइलवर चित्र बघून खात्री करता येते, हे तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तक्त्यातल्या ‘१५ पैसे, तपकिरी’ या शब्दांवरून गर्दीत उभं राहून काही ठरवणं अवघड.

अर्थात तिथली माहिती जगभरच्या संग्राहकांनी भरलेली आहे. वॉटरमार्क, परफोरेशन अशा बारीक भेदांसाठी छापील कॅटलॉग शेजारी असलेला बरा. परफोरेशन म्हणजे तिकिटाच्या कडेच्या दोन सेंटिमीटरमधली भोकं. ती संगणकावरही मोजता येतात. तिकीट ६०० डीपीआयवर स्कॅन करा, जिम्प या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ४७२ पिक्सेलची, म्हणजे दोन सेंटिमीटरची रेघ कडेला लावा आणि भोकं मोजा. कडा तुटकी असेल तर पट्टीपेक्षा हे सोपं जातं, असा माझा अनुभव. पुसट शिक्क्यासाठी रेट्रोरिव्हील नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. स्कॅन तिथे चढवला की वेगवेगळ्या रंगछटांतल्या प्रती समोर येतात, आणि एखादीत गावाचं नाव उमटतं.

फोटोवरून तिकीट ओळखणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दल फार बोलत नाही. कॅमेऱ्याला तिकिटाचा चेहरा दिसतो, कागदातला वॉटरमार्क नाही. परदेशी तिकिटाचा देश शोधायला ठीक.

परदेशी विषयवार तिकिटं घेणाऱ्यांनी जागतिक टपाल संघाची डब्ल्यूएनएस यादी जरूर पाहावी. २००२ पासूनची, सहभागी देशांच्या टपाल खात्यांनी स्वतः कळवलेली तिकिटं तिथे आहेत. त्यातला एखादा देश आणि अलीकडचं साल छापलेलं चकचकीत तिकीट यादीत सापडत नसेल, तर पैसे देण्याआधी थांबावं.

तेव्हा स्वातंत्र्योत्तर भारत, एखादा विषय किंवा अदलाबदल यात रस असेल तर कोलनेक्टपासून सुरुवात करावी असं मी सुचवीन. प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यामुळे आग्रह नाही. फक्त तिथली आपली यादी अधूनमधून स्वतःकडे उतरवून ठेवा. भोर संस्थानची १८७९ ची हातशिक्क्याने छापलेली तिकिटं, गोव्यातून आलेली पोर्तुगीज काळातली पाकिटं किंवा नुसते गावोगावचे शिक्के जमवणाऱ्यांचं मात्र तक्त्याशिवाय भागणार नाही. तिथे कॅटलॉगचा एकच नंबर असलेल्या दोन प्रतींत सगळा फरक शिक्क्याचा आणि तारखेचा असतो. अशा प्रतींना मी स्वतःचा अनुक्रमांक देतो, स्कॅनच्या फाइललाही तेच नाव देतो आणि कोलनेक्टवरच्या टिपणीत तो क्रमांक लिहून ठेवतो.