किकॅड 9 : हात मोकळा, पण हेतू मात्र टाइप करावा लागतो

रावेर-यावलकडे शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे केळीच्या बागेतल्या मोटारीवर ऑटो स्विच, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारी पेटी, असतोच. अशा ऑटो स्विचचे सर्किट बोर्ड आखण्यासाठी मी किकॅड वापरतो. 1992 मध्ये फ्रान्सच्या ज्याँ-पियेर शारास यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यावर बोर्डाच्या आकाराचे बंधन नाही आणि विक्रीसाठीचा माल आखण्यालाही आडकाठी नाही.

त्यातली सर्वांत सुरेख गोष्ट म्हणजे सर्न या संशोधन संस्थेत घडलेला राउटर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा (ट्रॅक) आखणारे साधन. सेटिंगमध्ये ‘शव्ह’ ही पद्धत निवडून, एक्स दाबून ट्रॅक ओढू लागले, की भरगच्च एसटीच्या बाकावर कोणी टेकू पाहिल्यावर बाकीचे जसे सरकून घेतात, तसे वाटेतले ट्रॅक आपापले ठरलेले अंतर राखून बाजूला होतात. व्ही दाबले की तिथेच व्हाया, म्हणजे दोन थर जोडणारे छिद्र, पडतो आणि ट्रॅक दुसऱ्या थरावर चालू राहतो. इथे नियम आठवावे लागत नाहीत, ते हाताला जाणवतात.

हीच समज बाकीच्या कामात मात्र दिसत नाही. 415 व्होल्टची बाजू आणि मायक्रोकंट्रोलरची 5 व्होल्टची बाजू यांच्यात बोर्डाच्या पृष्ठभागावरून पुरेसे अंतर आहे की नाही, हे तपासण्याची सोय फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीत मिळाली. शेतातल्या दमट, धुळकट पेटीसाठी ती फार मोलाची आहे. पण या आवृत्तीत त्यासाठी कंसांच्या भाषेत, म्हणजे कोडसारखा, नियम टाइप करावा लागतो. कागदावर हेच काम आपण एक जाड रेघ मारून करतो. तशीच रेघ पडद्यावर पेन्सिलने मारावी, डावीकडे ‘हाय व्होल्टेज’ लिहावे, आणि मग रिले (विजेवर चालणारा स्विच) त्या रेघेकडे नेताना तो अडखळावा, अंतर वाढवायला रिलेखाली बोर्डात खाच कापायची का असे सॉफ्टवेअरनेच विचारावे, असे मला वाटते. ट्रॅकांप्रमाणे सुटे भागही एकमेकांना सरकवू लागले, तर बोर्ड आखण्यातला खरा किचकट भाग, म्हणजे मांडणी, निम्म्याने हलका होईल.

टीएससर्किट, अ‍ॅटोपाइल यांसारख्या साधनांत सर्किट कोड म्हणून लिहितात. तीच ती सर्किटे पुन्हा वापरायला हे ठीक आहे, पण पॅनेलमधल्या वायरी खालून येतात म्हणून कनेक्टर खालच्या कडेला हवेत, हे मला डोळ्यांनी पाहूनच ठरवता येते. बोलून आज्ञा देण्याचे म्हणाल, तर शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू असताना माणसाचे माणसाला ऐकू येत नाही. त्यात आमचे कारागीर अहिराणीत बोलणार.

पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी आणि लहान पॅनेल बनवणाऱ्यांनी किकॅड बेलाशक घ्यावे. साधा लॅपटॉप चालतो, मात्र टचपॅडवर राउटिंग करू नये. चाक असलेला माउस वेगळा घ्यावा.