तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी: तीन पावसाळ्यांचा अनुभव

सांगलीच्या गावभागात आमचे घर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे दिवसाची सुरुवात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या चौकशीने होते. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा शिरले. पाणी ओसरते, गाळ उपसला जातो, फरशा फिनेलने धुतल्या जातात; भिंती मात्र पुढे कित्येक महिने ओल धरून राहतात, आणि त्याच भिंतींच्या पोटातून विजेच्या वायरी गेलेल्या असतात. पुराची सूचना तरी मिळते. या ओलीची कोणी सूचना देत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सासूबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या त्या हात चोळतच. "नळाला हात लावला की मुंग्या येतायत गं," असे त्या म्हणाल्या. गीझर चालू होता. मी नळाला टेस्टर लावून पाहिला, तर आतला दिवा मंद का होईना, पण स्पष्टपणे पेटला. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत, जादा भाराला वीज तोडणारे एमसीबी होते, घराला अर्थिंग होते, सगळे नियमाप्रमाणे आहे असे आम्ही पंधरा वर्षे समजत होतो, आणि तरीही ७४ वर्षांची बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून करंट असलेल्या नळाला हात लावत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर आठवड्याभरात आम्ही आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा खटका, बसवला. त्याला आता तीन पावसाळे उलटून गेले असल्याने जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते.

आम्ही घेतला तो दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), ४० अँपिअरचा आणि ३० मिलिअँपिअर संवेदनशीलतेचा. किंमत दोन हजारांच्या आसपास पडली, बसवण्याची मजुरी वेगळी. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण आयएस १२६४० हा मानक क्रमांक आणि आयएसआय चिन्ह असलेले कोणत्याही चांगल्या कंपनीचे उपकरण हेच काम करते, आणि माझा अनुभव एका कंपनीपुरता नाही. बोलताना अनेक जण याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. दुकानात तेच नाव सांगितले तरी बहुतेक वेळा हीच वस्तू मिळते. मात्र पुढ्यात ठेवलेल्या उपकरणावरचा आकडा स्वतः वाचावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे उपकरणही अगदी तसेच दिसते, पण ते गळतीमुळे लागणाऱ्या आगीपासून संरक्षण देण्यासाठी असते. माणसाचा जीव वाचवायचा असेल तर आकडा ३० चाच हवा.

एमसीबी असताना याची गरज काय, हा प्रश्न आम्हीही विचारला होता आणि शेजारीपाजारी आजही विचारतात. एमसीबी हा वायरीचा रखवालदार आहे. वायर पेलू शकणार नाही इतका भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तर तो पडतो, म्हणजे वीज तोडतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने माणसाच्या शरीरातून जाणारे ५० किंवा १०० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही, पण हृदयाची लय बिघडवायला तेवढे पुरेसे ठरू शकतात. अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहणेही आमच्या बाबतीत चुकीचे ठरले. अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला आणि त्याचा रोध समजा ५० ओहमवर गेला, तर २३० व्होल्टला त्यातून पाच अँपिअरसुद्धा वाहत नाहीत. तेवढ्यावर गीझरचा एमसीबी पडत नाही. गीझर चालू राहतो, पाणी तापत राहते आणि नळात करंट राहतो.

आरसीसीबी वेगळा हिशेब ठेवतो. फेजमधून घरात गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह एकाच चुंबकीय कड्यातून जातात. दोन्ही सारखे असले तर कड्यात काही घडत नाही. गेलेल्यातला थोडासा प्रवाह भिंतीतून, पाण्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला, तर दोन्हींत फरक पडतो, आणि तो फरक १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान पोहोचताच उपकरण वीज तोडते. ३० मिलिअँपिअरला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद आणि १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंद, अशी त्याची मर्यादा आहे. शॉक जाणवतो, हे स्पष्ट सांगायला हवे. पण हात चिकटून राहत नाही.

पहिला महिना मात्र अत्यंत त्रासाचा गेला. आरसीसीबी दिवसातून चार-पाच वेळा पडायचा, कधी जिन्यातला दिवा लावल्यावर तर कधी गीझर सुरू केल्यावर, आणि प्रत्येक वेळी सगळे घर बंद व्हायचे. ज्या वायरमनने तो बसवला होता, त्याला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "ताई, जुन्या घराला हे चालत नाही. डायरेक्ट करून देतो, कटकट संपेल." मी नकार दिला, पण आम्ही जवळजवळ तयार झालो होतो हे खरे आहे. असा सल्ला देणे हा माझ्या मते गंभीर अपराध आहे. पडणारा आरसीसीबी घरात दोष असल्याचे सांगत असतो, आणि त्याला डायरेक्ट करणे, वीज त्याला टाळून थेट नेणे, म्हणजे ते ऐकायचे नाही असे ठरवणे होय. आसपासच्या चार घरांच्या डीबीमध्ये आज आरसीसीबी दिसतात आणि त्यांतल्या दोन घरांत ते असेच वळसा घालून निकामी केलेले आहेत. त्या घरांतली माणसे मात्र आपण सुरक्षित आहोत असे समजून वावरतात.

दुसरे एक वयस्कर वायरमन काका आले. त्यांनी एकेक सर्किट सोडवून मेगर (वायरीतून होणारी गळती शोधणारे मापक) लावला आणि अर्ध्या दिवसात दोन दोष शोधले. गीझरच्या एलिमेंटचे आवरण फुटून आत पाणी शिरले होते. नळातला करंट तिथूनच येत होता. दुसरा दोष वायरिंगमधला होता. जिन्यातल्या दिव्याला फेज आमच्या डीबीतून आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावर दिरांच्या मीटरमधून, अशी जोडणी कोणीतरी वीसेक वर्षांपूर्वी वायर वाचवण्यासाठी केली होती. आमच्या फेजमधून गेलेला प्रवाह आमच्या न्यूट्रलमधून परत येतच नसल्याने आरसीसीबी दिवा लावताक्षणी पडायचा, आणि त्याचे पडणे बरोबरच होते. काकांनी मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने भरून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आता हा पडला तर त्याचं ऐका." उपकरणावर झाला त्याहून अधिक खर्च या दुरुस्तीवर झाला. आरसीसीबी घेणाऱ्याने, विशेषतः जुन्या वायरिंगच्या घरात, दोन्ही खर्च एकत्रच धरावेत.

त्यानंतर दीड वर्ष तो एकदाही विनाकारण पडला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एकदा पहाटे नळाला पाणी आल्यावर मी परसातली मोटर सुरू केली, "टक्" असा आवाज झाला आणि घर अंधारले. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. मोटरची जोडणी काढल्यावर तो टिकला. उजाडल्यावर केबल तपासली, तर तुळशीवृंदावनाच्या मागे, जिथे ती फरशीच्या कडेने जाते, तिथे उंदराने तिचे आवरण बोटभर लांबीपर्यंत कुरतडलेले होते. आतले तांबे हिरवे पडले होते आणि ती जागा साचलेल्या पाण्यात बुडालेली होती. सासूबाई रोज अंघोळ करून, ओल्या पायांनी त्याच ठिकाणी उभ्या राहून तुळशीला पाणी घालतात. त्या दिवशी त्यांची अंघोळ व्हायची होती. या उपकरणाला पाचपैकी किती तारे द्यावेत, हे ठरवण्यासाठी मला याहून वेगळे काही लागत नाही.

तरीही उणिवा सांगायला हव्यात. पूर्ण घराला एकच आरसीसीबी असला की एका बिघाडाने सगळे बंद पडते. चार दिवस गावाला गेलो असताना तो पडला तर फ्रीजमधले सगळे नासते. शक्य असेल त्यांनी न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि मोटर यांना वेगळा आरसीसीबी द्यावा, अथवा त्या सर्किटांना आरसीबीओ बसवावेत. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात. साधा आरसीसीबी अतिभार किंवा शॉर्टसर्किट थांबवत नाही, त्यामुळे एमसीबी काढून त्या जागी हा बसवणे घातक आहे. कोणी कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर गेलेला आणि आलेला प्रवाह सारखाच राहतो आणि हे उपकरण त्याला वाचवू शकत नाही. इन्व्हर्टर तंत्राचे एसी किंवा वॉशिंग मशिन असेल तर "एसी" (AC) नावाच्या प्रकाराऐवजी "ए" (A) प्रकारचा आरसीसीबी घ्यावा. आम्हाला हे दुकानात कोणी सांगितले नाही.

सर्वांत महत्त्वाची उणीव आमच्या लक्षात उशिरा आली. लोडशेडिंगच्या दिवसांपासून आमच्याकडे बॅटरीचा इन्व्हर्टर आहे आणि त्यावर दिवे, पंखे व बाहेरचे एक सॉकेट आहे. आरसीसीबी पडला की इन्व्हर्टरला वीज गेल्यासारखी वाटते आणि तो बॅटरीवरून पुरवठा सुरू ठेवतो. म्हणजे दोष नेमका त्या सर्किटांत असेल, तर तो मुख्य आरसीसीबी पडूनही जिवंतच राहतो. वायरमनला हा प्रश्न बसवण्याआधीच विचारावा आणि इन्व्हर्टरच्या पुढच्या भागाचे संरक्षण कसे करायचे ते त्याच्याकडून नक्की करून घ्यावे. आम्ही सध्या बाहेरचे सॉकेट इन्व्हर्टरवरून काढून टाकले आहे, आणि काका येत्या रविवारी इन्व्हर्टरच्या पुढे वेगळा आरसीसीबी बसवण्यासाठी येणार आहेत.

उपकरणावर "टी" लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबल्यावर आरसीसीबी लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर तो त्याच दिवशी बदलावा. हे बटण उपकरणाची यंत्रणा तपासते, अर्थिंग तपासत नाही, त्यामुळे अर्थिंग वेगळे मोजून घ्यावे लागते. आमच्याकडे दर महिन्याच्या १ तारखेला सासूबाई स्वतः खुर्ची सरकवून डीबीपाशी जातात, घरातल्यांना "दाबते गं" असे सांगतात, बटण दाबतात आणि खटका पडल्याचा आवाज ऐकूनच पुन्हा वर करतात.