'स्पाउस पीआर'च्या नावाखाली आम्हाला ब्रॅम्प्टनमध्ये कसं गंडवलं

नवरा-बायकोपैकी एकजण कॅनडात टेम्पररी वर्क परमिटवर आणि दुसरा ओपन परमिटवर (म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येतं), अशा मराठी जोडप्यांसाठी हे लिहितेय. कारण पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, काढून देतो सांगून आम्हाला गंडवणारा एजंट अजून धंदा करतोय, आणि गिऱ्हाईक मुद्दाम आपल्यातलंच शोधतो, छान मराठी बोलतो, वहिनी वहिनी करतो.

ह्यांचा जॉब सॉफ्टवेअरचा, क्लोज्ड परमिट, म्हणजे एकाच मालकाकडे काम करायचं. मी ग्रोसरीच्या दुकानात कॅश काउंटरवर. 21 जानेवारी 2025 पासून स्पाउसच्या ओपन परमिटचे नियम कडक झाले, जोडीदाराचं काम टीअर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची सरकारी श्रेणी) 0, 1 किंवा ठरावीक टीअर 2-3 मधलं हवं आणि अर्जाच्या वेळी त्याच्या परमिटचे निदान 16 महिने शिल्लक हवेत. ह्यांचे तेवढे नव्हते. त्याने नेमकं हेच पकडलं. नियम अगदी खरा सांगितला आणि त्याला स्वतःची थाप जोडली, "वहिनी, तुमचं परमिट काही वाढत नाही आता, पण स्पाउस कोट्यातून तुमची पीआरची वेगळी फाइल टाकू."

असा कोटाबिटा काही नसतो हो. टेम्पररी वर्करला बायकोला स्पॉन्सर करताच येत नाही, ते फक्त सिटिझन किंवा पीआरवाल्यांना. आपल्याकडे मुख्य रस्ते दोन, एक म्हणजे नवऱ्याच्या एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे पॉइंटांवर पीआर देणाऱ्या सरकारी पद्धतीतल्या, प्रोफाइलमध्ये बरोबर जायचं (तिथे बायकोचं शिक्षण, इंग्रजी आणि कॅनडातलं काम मिळून जास्तीत जास्त 40 पॉइंट), नाहीतर बायकोने स्वतः मुख्य अर्जदार व्हायचं. त्यासाठी कॅनेडियन एक्सपिरियन्समध्ये, म्हणजे कॅनडातल्या कामावर पीआर देणाऱ्या गटात, टीअर 0 ते 3 मधलं वर्षभराचं काम लागतं. कॅशियरचं काम त्यात धरत नाहीत, आणि कॅशियरचं काम करणाऱ्या बायका त्याला बरोबर सापडतात.

रेट सांगितला 18 हजार डॉलर. त्यात म्हणे एलएमआयएवाला (म्हणजे परदेशी कामगार घ्यायला मालकाने मिळवायच्या सरकारी मंजुरीसकट) जॉब ऑफर, त्याचे 50 पॉइंट, शिवाय दुसऱ्या एका दुकानात मला सुपरवायझर दाखवणार. पगार चेकने येणार आणि तोच पगार वर टॅक्ससकट आम्ही कॅशमध्ये परत करायचा, म्हणजे स्वतःचा पगार स्वतःच द्यायचा! आम्ही ह्या पगाराच्या खेळाला नाही म्हटलं, तर म्हणाला ठीक आहे, नुसतं एलएमआयए करू. निम्मे पैसे घेतले. थोडे ई-ट्रान्सफरने, मेसेजमध्ये 'गिफ्ट' लिहायला लावून, आणि बाकीचे रुपयांत, पुण्यातल्या त्याच्या कुठल्याशा भावाच्या खात्यात. पावती नाही, काही नाही.

आता गंमत बघा, हे सगळं 2025 च्या उन्हाळ्यातलं. जॉब ऑफरचे पॉइंट सरकारने 25 मार्च 2025 लाच काढून टाकले होते, तेही एलएमआयएची विक्री थांबावी म्हणूनच. म्हणजे हा जे विकत होता त्याची पॉइंटांच्या हिशोबाने किंमत शून्य झाली होती. शिवाय एलएमआयएची 1000 डॉलर फी मालकाने भरायची असते, कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे.

फुटलं कसं, तर उरलेले पैसे काढायला त्याने माझ्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पाठवला. ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा, आणि माझ्या नावापुढे रिटेल सुपरवायझर! नाही सांगूनही टाकलंच होतं. असं खोटं पकडलं गेलं तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम 40 खाली 5 वर्षं बंदी, आणि ती अर्जदारावर, एजंटवर नाही. आम्ही लगेच आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, वेबफॉर्मवरून सगळं लेखी कळवलं.

त्याच्या कार्डावर लायसन्स नंबर होता बरं का. कन्सल्टंटांच्या कॉलेजच्या (इमिग्रेशन सल्लागारांना लायसन्स देणारी संस्था) रजिस्टरमध्ये टाकला तर नंबर खरा निघाला, पण दुसऱ्याच माणसाचा. रजिस्टरमधल्या फोनवर विचारलं तर तो बिचारा म्हणाला मी ह्याला ओळखत पण नाही. तेव्हा नुसता नंबर बघू नका, रजिस्टरमध्ये जो फोन दिलाय त्याच्यावरच विचारा, कार्डावरच्या नाही. आणि खरा माणूस प्रतिनिधीचा फॉर्म, आयएमएम 5476, सही करून घेतोच. ह्याने तो कधी काढलाच नाही, सगळं आमच्याच नावाने भरत होता, म्हणजे कागदावर हा कुठे नाहीच.

पैसे परत आलेले नाहीत, येतील असं वाटतही नाही. कॉलेजकडे आणि सीबीएसएकडे (कॅनडाची बॉर्डर एजन्सी) तक्रार दिलीय. मी आता एका छोट्या ऑफिसमध्ये बुककीपरचं काम धरलंय, टीअर 2, आणि आयईएलटीएस परत देतेय. ओळखीतल्या एकीला त्याचा परवाच फोन आला, आता 'स्पाउस फाइल' म्हणत नाही, 'केअरगिव्हर फाइल' म्हणतो. रेट तोच.