बाइंडिंग एक नंबर, फक्त काका-पुतण्याचा घोळ

जळगावात पुस्तक हाताने शिवून बांधणारे आता मोजकेच उरलेत. त्यांतले एक कारागीर जुन्या बाजारातल्या एका बोळात बसतात. पाटी नाही, शाळेच्या हजेरीपटांचे गठ्ठे बाहेर दिसले की तेच दुकान. दादांचं, म्हणजे वडिलांचं, एक इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे टाकलं होतं. वेलिंग्टनच्या ड्यूक घराण्यावरचं, पहिल्यापासून सातव्यापर्यंत. कणा निखळलेला, पानांचे कोपरे कसरीने खाल्लेले, निम्म्या पानांवर आकडेच नाहीत.

काम पक्कं आहे. जुजबंदी (पानांची एकेक घडी शिवत नेणारी) शिलाई, मेण ओढलेला दोरा, घरी शिजवलेली खळ आणि तिच्यात मोरचूद, म्हणजे पुन्हा कसर लागायची भीती नाही. उघडून ठेवलं तर पुस्तक सपाट राहतं. 280 रुपये घेतले. चार दिवस सांगून अकराव्या दिवशी दिलं, ते चालायचंच.

घरी येऊन चाळलं तर सातवा ड्यूक सहाव्याच्या आधी! परत गेलो. कारागीर शांतपणे म्हणाले, "सर, आकडे नव्हते तं मी वाचून लावलं. हा अंकल, तो नेफ्यू. काका पहिले, मंग पुतन्या!"

त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे तलाठ्यालाही हेच सुचलं असतं. पण ड्यूक हा इंग्रजांचा पिढीजात किताब, तो फक्त पुरुष वारसाला जातो आणि या घरात तो सारखा आडवा सरकत गेला. दुसऱ्या ड्यूकला मूल नव्हतं, म्हणून तिसरा झाला पुतण्या. चौथा त्याचा भाऊ. सहावा 1943 मध्ये इटलीत सालेर्नोला लढताना मारला गेला, अविवाहित, एकतिशीचा. मग वारस कोण? काका, पेशाने आर्किटेक्ट. तोच सातवा. गंमत म्हणजे पहिल्या ड्यूकला स्पेननेही एक किताब दिला होता, तो मुलींनाही मिळतो. त्यामुळे तो सहाव्याच्या बहिणीकडे गेला आणि तिने 1949 मध्ये काकांना देऊन टाकला. एका मयतावर दोन फेरफार! हे सांगितल्यावर कारागिरांनी पुस्तक मुकाट्याने उसवायला घेतलं. दुसऱ्यांदा शिवायचे पैसे घेतले नाहीत.

तक्रार आहे ती कटिंगची. तिन्ही बाजूंनी मशीन फिरवलं आणि समासातल्या दादांच्या पेन्सिलीच्या नोंदी कापल्या गेल्या. दादा चाळीसगावला इतिहास शिकवायचे. मला लहानपणी एसटीने अजिंठ्याचा घाट चढवून असईला घेऊन गेले होते. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा पहिला ड्यूक; तेव्हा ड्यूक-बिक काही नव्हता. केळना नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार, पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, असणारच, एवढ्या अंदाजावर त्याने फौज पाण्यात घातली. त्या पानावर दादांनी लिहिलं होतं, "दोन गावं, म्हणून उतार." आता "दोन गावं, म्हणून उ" एवढंच उरलंय.

वेलिंग्टन हे नाव त्याने स्वतः निवडलंही नाही. 1809 मध्ये तो स्पेनमध्ये लढत होता, व्हायकाउंट (ड्यूकच्या खालच्या पायऱ्यांतला एक किताब) करायचं ठरलं, तेव्हा भाऊ विल्यमने वेलस्लीशी जुळणारं इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं गाव शोधलं. अर्ल आणि मार्क्विस या पुढच्या दोन्ही पायऱ्या 1812 मध्येच, ड्यूक 1814 मध्ये. या सगळ्या तारखा दादांनी पहिल्या कोऱ्या पानावर ओळीने मांडल्या होत्या. त्या पानाच्या मधोमध असल्याने वाचल्या.

पाचपैकी साडेतीन. शिलाईसाठी पाच दिले असते. तुमच्या पुस्तकाला आकडे नसतील तर क्रम कागदावर लिहून द्या. पुढच्या महिन्यात दादांची डायरी देणार आहे, पुठ्ठ्यावर खडूने मोठ्ठं लिहून: कटिंग नको.