गॅरी मूरचा 'स्टिल गॉट द ब्लूज': एकच गाणं ऐकून अल्बम सोडू नका

सोलापुरात गिटार धरणाऱ्या पोरांनी कधी ना कधी या अल्बमच्या टायटल ट्रॅकची ती सुरुवातीची धून वाजवून बघितलेली असतेच, पण बाकीची गाणी ऐकली का विचारलं की बहुतेक जण गप्प. एका गाण्यावर अख्ख्या अल्बमचा निकाल लावून मोकळे होतात लोकं, आणि त्याचंच मला वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडं मागचं. गॅरी मूर हा गिटारिस्ट आणि गायक, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा, जन्म १९५२, थिन लिझी या आयरिश रॉक बँडमध्ये वाजवलेला, आणि ऐंशीच्या दशकात कडक हार्ड रॉक करणारा माणूस. १९८९ पर्यंत तेच चाललेलं आणि मग १९९० मध्ये अचानक हा ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातनं आलेल्या संगीताचा, अल्बम. अचानक म्हणजे आपल्याला अचानक, त्याच्यासाठी नाही, कारण लहानपणी तो फ्लीटवुड मॅक बँडच्या गिटारिस्ट पीटर ग्रीनचं ऐकत वाढला, पुढं ग्रीनची ती प्रसिद्ध लेस पॉल गिटारसुद्धा त्याच्याकडं आली. म्हणजे चाळिशीच्या तोंडावर तो जिथनं निघालेला तिथंच परत गेला. कव्हरवर पण बघा, खोलीत गिटार घेऊन बसलेलं एक पोरगं आहे.

आता आमच्या ग्रुपमधली भांडणं सांगतो, कारण या अल्बमवर जेवढे वाद होतात तेवढे दुसऱ्या कशावर होत नाहीत. उन्हाळ्यात रात्री जुळे सोलापूरला एकाच्या गच्चीवर स्पीकर लावून बसतो आम्ही, घरात तर झोपायची सोयच नसते त्या दिवसांत. आमच्यातला जो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, आम्ही सगळे त्याला अण्णाच म्हणतो, त्याचं म्हणणं टायटल ट्रॅकच्या पुढं काहीच नाही. इंजिनिअरिंगला असलेला एक मेटलवाला पोरगा म्हणतो, "काय बे अण्णा, हा माणूस रॉकमध्येच भारी होता, हे सगळं स्लो झालंय." आणि माझा थोरला मामेभाऊ, जो अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट बी.बी. किंग सोडून दुसरं कुणाला ब्लूज मानायलाच तयार नाही, तो म्हणतो की लई सूर वाजवतो हा, जागाच सोडत नाही, आवाज पण नको तेवढा मोठा, हा ब्लूज नव्हेच. तिघंही हुशार आहेत आणि तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, पण माझं मत तिघांपेक्षा वेगळं आहे.

अण्णाचं आधी घेऊ. टायटल ट्रॅक आपल्याकडं एवढा का चालतो ते त्यानंच एकदा वाजवून दाखवलेलं. हे गाणं ब्लूजच्या नेहमीच्या ट्वेल्व्ह बारमध्ये, म्हणजे बारा आवर्तनांच्या ठरलेल्या साच्यात, नाहीच. ए मायनरमधलं गाणं, पण सुरुवात डी मायनर सेव्हन या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर), तिथनं जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ मेजर सेव्हन, मग बी हाफ डिमिनिश्ड, ई सेव्हन आणि शेवटी ए मायनरवर येऊन बसतं. एकेक कॉर्ड पुढच्याच्या अंगावर पडत जातो, आणि ही चाल आपल्या जुन्या हिंदी गाण्यांमुळं आपल्या कानात आधीच बसलेली आहे. वरनं मागं व्हायोलिनं. म्हणून ज्यानं आयुष्यात कधी ब्लूज ऐकलेला नाही त्यालाही हे पहिल्या फटक्यात आवडतं. सहा मिनिटांचं गाणं आहे, शेवटचा सोलो फेड होताना संपूच नये वाटतं, रेडिओवाल्या छोट्या व्हर्जनमध्ये तो बराचसा कापलाय त्यामुळं ते ऐकू नका. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, २००८ मध्ये म्युनिकच्या कोर्टानं निकाल दिला की यातली गिटारची धून जुड्स गॅलरी नावाच्या जर्मन बँडच्या १९७४ च्या एका गाण्यावरनं आलेली आहे. ते गाणं आपण ऐकलंच नव्हतं असं मूरचं म्हणणं होतं. मी दोन्ही ऐकलंय, साम्य आहे, पण मूरनं एकेक सूर ज्या तऱ्हेनं ताणून धरलाय ते फक्त त्याचंच आहे.

पण गाणं कितीही सुंदर असलं तरी माझ्या मते अल्बमचा जीव आठव्या ट्रॅकमध्ये आहे, 'अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय'. साडेसात मिनिटांच्या वर जातं. मूळ फेंटन रॉबिन्सननं १९५९ मध्ये गायलेलं, मग १९६७ च्या 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' या अल्बममध्ये ब्लूज गिटारिस्ट अल्बर्ट किंगनं गायलं. इथं मूर पहिल्यांदा खरोखर थांबतो. ऑर्गन मागं नुसता धरून ठेवलाय, ड्रम जेवढ्यास तेवढा, आणि गिटार एक वाक्य बोलते, गप्प बसते, परत बोलते. माझी एक बहीण शास्त्रीय शिकते, तिला रॉक वगैरे काही माहीत नाही, तिला हे एकदा ऐकवलं तर ती म्हणाली की हा सुरावर डायरेक्ट जातच नाही बघ, खालनं मींड घेत येतो आणि पोचल्यावर लगेच सोडत पण नाही. बरोब्बर पकडलं तिनं. तार ओढून सूर चढवताना तो शेवटच्या केसभर अंतरावर रेंगाळतो, आणि आपण ऐकताना श्वास धरून असतो की आता पोचेल, आता पोचेल. मामेभावाला मी एवढंच म्हणतो, दादा, हा जागा सोडत नाही म्हणतोस ना, मग हे साडेसात मिनिटं बस आणि सांग. त्यालाही हे गाणं आवडतं, कबूल करतो तो, पण "एकच आहे" म्हणतो. एकच नाही. लगेच त्याच्यानंतर 'मिडनाइट ब्लूज' आहे, त्यात तर आवाजसुद्धा खाली आणलाय, क्लीन टोन, म्हणजे खरखर नसलेला साफ आवाज, एकदम हलक्या हातानं. हे दोन लागोपाठ ऐकायचे, मध्ये फोन घ्यायचा नाही.

पाहुणे पण जबरदस्त बोलावलेत. 'ओ प्रिटी वुमन'वर खुद्द अल्बर्ट किंग वाजवतोय (हे रॉय ऑर्बिसनचं नव्हे, नाव तेवढं सारखं आहे). किंग डावखुरा, गिटार उलटी धरायचा आणि तारा मात्र बदलायचा नाही, म्हणजे बारीक तारा वरच्या बाजूला, त्यामुळं तो तार खाली ओढायचा आणि म्हणून त्याचं बेंडिंग दुसऱ्या कुणासारखं येत नाही. त्याचे दोन-चारच सूर येतात आणि लगेच कळतं की हा मूर नाही. 'टू टायर्ड'वर दुसरा ब्लूज गिटारिस्ट अल्बर्ट कॉलिन्स, टेलिकास्टर गिटार, तारा दाबून धरणारा कॅपो, नखी न घेता नुसत्या बोटांनी, कडक चिमटे काढल्यासारखा आवाज. दोघांबरोबर वाजवताना मूर अंगात आल्यासारखा वाजवतो पण त्यांच्यावर चढत नाही, हे मला फार आवडतं. किंग १९९२ ला गेला, कॉलिन्स १९९३ ला, म्हणजे अगदी वेळेत हे रेकॉर्ड झालं म्हणायचं.

आता आवाज आणि स्पीडचं. मार्शलचा अँप, पुढं आवाज खरखरीत करणारं गव्हनर पेडल, लेस पॉल, त्यामुळं टोन जाड आणि सस्टेन, म्हणजे सूर टिकून राहणं, भरपूर. 'वॉकिंग बाय मायसेल्फ' मूळ जिमी रॉजर्सचं, १९५६ चं, शिकागोचं, निवांत चालणारं गाणं. मूरनं त्याला असं पळवलंय की मामेभावाचा जीव जातो ऐकताना. मला विचाराल तर त्यात खोटं काही नाही. हा माणूस मिसिसिपीचा नाही, बेलफास्टचा आहे, मोठ्या अँपसमोर उभं राहून मोठा झालाय, त्यानं उगाच पन्नास वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्यासारखं वाजवायचं नाटक केलं असतं तर ते ऐकवलं नसतं. तो त्याच्या भाषेत बोलतोय. माऊथऑर्गन पण मस्त आहे त्यात.

पण 'टेक्सास स्ट्रट' मला नाही पटलं. तिथं मामेभावाचं शंभर टक्के खरं आहे, नुसती बोटं पळतायत, गाणं म्हणून हाताला काही लागत नाही, आणि तेही टायटल ट्रॅकच्या लगेच नंतर ठेवलंय. मी ते पुढं ढकलतो. 'मूव्हिंग ऑन' ओपनिंगला ठीक. सीडीवर शेवटी जी तीन जादा गाणी आहेत त्यातलं 'दॅट काइंड ऑफ वुमन' बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसननं लिहिलंय आणि तो वाजवतोय पण, ऐकायला छान आहे पण या अल्बमात ते पाहुण्यासारखंच राहतं. ओटिस रशचं 'ऑल युअर लव्ह' मात्र अजिबात सोडू नका, मधेच ठेका बदलून परत मूळ चालीवर येतात ती जागा भारी जमलीये.

गाण्याबद्दल पण बोलायला पाहिजे, गिटारच्या नादात ते राहून जातं. त्याचा आवाज फार मोठा नाही, कधीकधी जोर लावताना ताणला जातो, पण स्लो गाण्यांत त्या ताणामुळंच खरा वाटतो.

मेटलवाल्या पोराला माझं सांगणं, तू 'किंग ऑफ द ब्लूज' आणि 'स्टॉप मेसिन अराउंड'पासून सुरू कर, दोन्हीत दम आहे, मग मागं ये. अण्णासारख्यांनी टायटल ट्रॅक झाला की सरळ आठव्यावर जायचं. आणि ज्यांना मामेभावासारखा संशय आहे त्यांनी आधी अल्बर्ट किंगनं गायलेलं 'अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय' ऐकावं आणि मग मूरचं, म्हणजे मूरनं काय ठेवलं आणि काय बदललं ते कळतं. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, गिटारचा खालचा जाडपणा सगळा जातो, साधा का होईना हेडफोन घ्या. हा आवडला तर १९९२ चा 'आफ्टर आवर्स' लगेच घ्या, त्यात बी.बी. किंग आहे, मामेभावाला मी तोच ऐकवून निम्मा वळवलाय.

नऊ गाण्यांची जुनी एलपी सोलापुरात कुणाकडं असेल तर खरंच कळवा. तिच्यात शेवट 'मिडनाइट ब्लूज'वर होतो आणि मला अल्बम तसा, टर्नटेबलवर ऐकायचाय. अक्कलकोट रोडला असा नाहीतर होटगी रोडला, मी येतो, मामेभावाला पण घेऊन येतो.